उंची कुणी भरून काढायची?

बास्केटबॉलमध्ये रिंगखाली खेळणारा, बहुधा संघातला सगळ्यांत उंच खेळाडू म्हणजे सेंटर. टिमोफेई मोझगोव्ह या ७ फूट १ इंच उंचीच्या रशियन सेंटरने त्या दिवशी २८ गुण केले आणि त्याचा संघ, क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स, २१ गुणांनी हरला. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या २०१५ च्या फायनलचा तो चौथा सामना. क्लीव्हलँडला गुरुवारची रात्र होती, आपल्याकडे शुक्रवारची सकाळ. कॅव्हेलियर्स मालिकेत २-१ ने पुढे होते. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा कोच स्टीव्ह कर याने आपल्या ७ फुटी सेंटरला, अँड्र्यू बोगटला, बाकावर बसवलं, आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीच्या पाचांत आणलं आणि रिंगखाली उभा केला ६ फूट ६ इंचांचा ड्रेमंड ग्रीन. इग्वोडाला त्या अख्ख्या मोसमात एकाही सामन्यात सुरुवातीपासून उतरलेला नव्हता.

सामना सुरू झाला आणि बघता बघता स्कोअर ७-० झाला, क्लीव्हलँडच्या बाजूने. करने टाइमआउट घेतला. आता बोगट येणार असं कुणालाही वाटलं असतं. तो आला नाही. मोझगोव्ह बास्केट करत राहिला, वॉरियर्स पुढे जात राहिले, आणि शेवटी फलकावर १०३-८२ लागलं. पुढच्या सामन्यात क्लीव्हलँडचा कोच डेव्हिड ब्लॅट याने मोझगोव्हला जेमतेम ९ मिनिटं खेळवलं. आदल्याच सामन्यात २८ गुण केलेला उंच माणूस बाहेर बसला आणि त्याला अडवता न आलेला बुटका माणूस आत राहिला. वॉरियर्सनी मालिका ४-२ ने घेतली. निर्णायक सामन्यात ग्रीनचे १६ गुण, ११ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) आणि १० असिस्ट (बास्केट करून देणारे पास) होते.

क्लीव्हलँडचे कायरी अर्विंग आणि केव्हिन लव्ह जखमी होऊन घरी बसले होते, तेव्हा सगळं श्रेय या एका बदलाला देता येणार नाही. पण त्या सकाळी जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही, कारण मी स्वतः पोस्टला, म्हणजे रिंगखाली सेंटरच्याच जागी, खेळलेली आहे आणि माझी उंची ५ फूट ६ इंच आहे.

ही कल्पना मुळात करची नव्हती, हेही सांगायला हवं. त्याच्या हाताखालचा निक यूरेन नावाचा तरुण सहायक आदल्या वर्षीच्या फायनलचे व्हिडिओ बघत बसला होता. सॅन अँटोनियो स्पर्सने बोरिस डिआवला पहिल्या पाचांत आणल्यावर मायामीचा बचाव कसा विस्कटला, ते त्याने हेरलं आणि वर सांगितलं. खेळ बदलणारी गोष्ट पुष्कळदा अशी खालच्या माणसाला दिसते. वरच्याने ती ऐकून घेतली, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आता मुळात घडलं काय? स्टीफन करी बॉल घेऊन येतो. ग्रीन त्याला स्क्रीन लावतो, म्हणजे त्याच्या बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो. करीला मोकळा शॉट मिळू नये म्हणून बचावाचे दोन खेळाडू करीच्या अंगावर धावतात. करी त्या दोघांच्या मधून किंवा वरून बॉल ग्रीनला देतो. ग्रीन फ्री थ्रो लाइनच्या, म्हणजे रिंगपासून पंधराएक फुटांवरच्या रेषेच्या, आसपास, तोंड रिंगकडे. आता त्याच्यासमोर चार विरुद्ध तीन असा खेळ आहे आणि ठरवायचं त्याने आहे: स्वतः आत घुसायचं, कोपऱ्यात उभ्या असलेल्याला पास द्यायचा, की रिंगपाशी कापत येणाऱ्याला वर फेकायचा. हे सगळं एका टप्प्यात, अर्ध्या सेकंदात. पारंपरिक सेंटरच्या हातात त्या जागी बॉल दिला तर तो थांबतो, आजूबाजूला बघतो, आणि तोवर बचाव परत जागेवर येतो. ग्रीन थांबत नव्हता. मोझगोव्हला त्याच्या मागे फ्री थ्रो लाइनपर्यंत बाहेर यावं लागलं, आणि तो बाहेर आला की रिंग मोकळी.

दुसऱ्या टोकाला मोझगोव्हला बॉल मिळाला की तो बास्केट करायचा. करू दे, असं वॉरियर्सनी ठरवलेलं असावं. प्रत्येक वेळी मोझगोव्हला पोस्टमध्ये बॉल पोचवायचा म्हणजे वेळ जातो, क्लीव्हलँडचा सगळ्यांत मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्स याच्या हातातून बॉल जातो, खेळ संथ होतो. उंच माणसाला दोन गुण द्यायचे आणि त्याच्या बदल्यात बाकीच्या चौघांना गप्प बसवायचं. हा सौदा पटायला धीर लागतो. आपल्या डोक्यावरून समोरचा पुन्हा पुन्हा बास्केट करतोय आणि आपण हरत नाही आहोत, हे अंगात मुरायला तर त्याहून जास्त.

डोक्यावरून बास्केट होणं काय असतं हे मला माहीत आहे. कॉलेजात मी सांगलीला होते आणि शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पोस्टला खेळायचे. आमच्या टीममध्ये माझ्याहून उंच मुली होत्या, पण त्या बाहेरून चांगल्या खेळायच्या आणि मला धक्के सहन व्हायचे, म्हणून सरांनी मला आत घातलं. समोर कोल्हापूरची किंवा साताऱ्याची एखादी ५ फूट १० इंचांची मुलगी यायची. तिने हात वर केला की माझ्या बोटांची टोकं तिच्या मनगटापाशी. उडीत मी काही तिला गाठणार नव्हते.

अशा वेळी जे करायचं असतं ते बॉल येण्याच्या आधी करायचं असतं, आणि प्रेक्षकांचं लक्ष नेमकं तेव्हा दुसरीकडे असतं. समोरची धावत येऊन रिंगखाली जागा घेते, त्याच्या आधी तिची वाट अडवायची. तिला जिथे उभं राहायचंय तिथून हातभर बाहेर तिला थांबवलं की तिच्या उंचीतला बराचसा भाग वाया गेला. गुडघे वाकवून बसायचं, आपली कंबर तिच्या कमरेच्या खाली ठेवायची आणि आडवा हात तिच्या पाठीच्या खालच्या भागावर. ढकलायचं नाही, ढकललं की शिट्टी वाजते. नुसतं तिथे असायचं. ती मागे रेलली की आपण पाय रोवायचे. ती जोरात मागे यायला लागली की अचानक बाजूला सरकायचं, म्हणजे तिचा तोल जातो, पाय सरकतो आणि ट्रॅव्हल होतं, म्हणजे बॉल न आपटता पाऊल टाकल्याची चूक. ही युक्ती एका सामन्यात एकदाच चालते. आणि शॉट सुटला की बॉलकडे बघायचंच नाही. आधी तिच्याकडे वळायचं, पाठ तिच्या छातीला लावायची आणि मग वर बघायचं. बॉल बहुतेक वेळा रिंगला लागून खाली येतो, हातात पडतो तो रिंगच्या बराच खाली. तिथवर पोचायला उंचीपेक्षा जागा लागते.

हे सगळं शिकता येतं आणि मी ते शिकले. पण ते शिकूनही एक गोष्ट माझ्या हातात नव्हती. मी समोरच्या मुलीच्या पुढे जाऊन उभी राहिले, म्हणजे तिला बॉल मिळूच नये अशी, तर पास माझ्या डोक्यावरून जाणार हे ठरलेलं. तो डोक्यावरून आलेला पास अडवायला मागच्या बाजूने दुसरी कुणीतरी यायला हवी. ती आली तर मी चांगली पोस्ट. ती आली नाही तर मी बुटकी पोस्ट. माझ्याच उंचीचा, माझ्याच मेहनतीचा अर्थ दुसरी मुलगी दोन पावलं धावली की नाही यावर ठरायचा.

माझं सगळं म्हणणं या दोन पावलांपाशी आहे. कमी उंचीच्या माणसाने सेंटरला खेळावं का, या प्रश्नाला लोक त्या माणसाकडे बघून उत्तर देतात. त्याचे हात किती लांब, छाती किती भरलेली, उडी किती. त्याच्याकडे बघायलाच हवं, नाही असं नाही. ग्रीनचे हात पसरले की सात फुटांच्या पुढे जातात, आणि डोक्याने कुणी शॉट अडवत नाही. तरी उत्तर खरं असतं ते बाकीच्या चौघांत. कमी पडणारी उंची पाच जणांत वाटून घ्यायची असते. चौघांनी आपला वाटा उचलला नाही तर ती एका माणसाच्या गुडघ्यांतून आणि पाठीतून वसूल होते.

या बाबतीत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो वेस अनसेल्ड. ६ फूट ७ इंच, वजन ११० किलोंच्या आसपास, खांदे दारात अडकतील असे. १९६८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर बाल्टिमोर बुलेट्सने त्याला घेतलं. आदल्या मोसमात या संघाने ३६ सामने जिंकले होते आणि ४६ हरले होते. अनसेल्ड आला आणि त्या वर्षी ५७ जिंकले, २५ हरले. तो रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला आणि त्याच मोसमात एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडूही झाला. एनबीएच्या इतिहासात हे दोन्ही मान एकाच मोसमात मिळवणारे दोघेच, दुसरा विल्ट चेंबरलेन. विल्ट ७ फूट १ इंच. या दोन माणसांना शेजारी उभं करून बघा.

आणि त्याने काही गुणांचा पाऊस पाडला नव्हता. पहिल्या मोसमात सामन्यामागे १४ सुद्धा गुण नव्हते त्याचे. रिबाउंड मात्र १८ च्या वर. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रिबाउंडनंतर तो जे करायचा ते. बॉल दोन्ही हातांत आला की पाय जमिनीला टेकायच्या आत त्याचं अंग वळलेलं असायचं, आणि उतरता उतरता डोक्यावरून, दोन्ही हातांनी, मनगटाच्या झटक्याने बॉल अर्ध्या कोर्टाच्या पलीकडे. तिथे आपला गडी एकटा पळत असायचा. समोरचा सात फुटी सेंटर अजून रिंगखालीच, मागे वळायच्या तयारीत. म्हणजे अनसेल्ड त्याच्याशी उंचीत भांडलाच नाही. त्याने खेळ अशा जागी नेला जिथे समोरच्याच्या उंचीचं काहीच काम नव्हतं. जुन्या, धूसर चित्रफितींमध्ये हा पास बघायला मिळतो. मी तो पुन्हा पुन्हा बघते. त्यात जोर दिसत नाही, सफाई दिसते.

त्याच्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता एल्व्हिन हेज, ६ फूट ९ इंचांचा. १९७२ मध्ये हेज बुलेट्समध्ये आला. आता सेंटर कोण? उंच असूनही हेज फॉरवर्डला, म्हणजे रिंगपासून जरा बाहेर, गेला आणि बुटका अनसेल्ड रिंगखालीच राहिला. धक्के अनसेल्डने खायचे, स्क्रीन त्याने लावायच्या आणि हेजने मोकळ्या जागेत शॉट घ्यायचे. संघाने कामं अशी वाटून घेतली म्हणून ते वर्षानुवर्षं चाललं.

ते नेहमी चाललं असंही नाही. १९७१ च्या फायनलमध्ये मिलवॉकी बक्सने बुलेट्सना ४-० असं झोडलं. बक्सचा सेंटर होता ७ फूट २ इंचांचा, पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जग ज्याला ओळखू लागलं तो. त्याच्या हुक शॉटला खालून उत्तरच नव्हतं. १९७५ च्या फायनलमध्येही बुलेट्स ४-० ने हरले. मग १९७८. सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सकडे ७ फूट १ इंचांचा मार्विन वेबस्टर होता. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, तो सामना सिअ‍ॅटलमध्ये झाला आणि बुलेट्सनी तो १०५-९९ असा जिंकला. फायनलचा एमव्हीपी अनसेल्ड, सामन्यामागे ९ गुणांची सरासरी असताना. त्याला तो मान देणाऱ्यांनी गुणांच्या तक्त्यापलीकडे बघितलं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. तोवर त्याचे गुडघे मात्र केव्हाच कुरकुरायला लागलेले होते. १९८१ मध्ये तो थांबला आणि २०२० मध्ये गेला.

बेन वॉलेसबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याच्यावर पुष्कळ बोललं गेलंय. कागदावर ६ फूट ९ इंच. प्रत्यक्षात त्याहून दोनेक इंच कमी, हे तो स्वतःच सांगतो. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतलं नाही. पुढे तो चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण मला त्याच्या २००४ च्या फायनलमधली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. समोर लेकर्स, म्हणजे शकील ओ'नील, ७ फूट १ इंच आणि वजनाचं तर बोलायलाच नको. सगळे संघ शकच्या अंगावर दोघे-तिघे पाठवायचे. वॉलेसच्या डेट्रॉइट पिस्टन्सने बहुतेक वेळ एकच माणूस ठेवला, आणि बरेचदा तो वॉलेस असायचा. शकने त्या मालिकेत सामन्यामागे २६ च्या वर गुण केले, त्याचे शंभरातले ६० हून जास्त शॉट पडले. आणि लेकर्स ४-१ ने हरले. बाकीचे चार डेट्रॉइटकर आपापल्या माणसाला सोडून गेलेच नाहीत, त्यामुळे लेकर्सच्या कोबी ब्रायंटला मोकळे शॉट मिळाले नाहीत, कोपऱ्यातल्यांना मिळाले नाहीत. तिसऱ्या सामन्यात लेकर्सचे एकूण ६८ गुण झाले. अकरा वर्षांनी मोझगोव्हच्या बाबतीत जे झालं त्याचा हाच धागा आहे. फरक इतकाच की वॉलेसने शकला प्रत्येक बास्केटसाठी घाम गाळायला लावला, आणि पाचव्या सामन्यात स्वतः १८ गुण आणि २२ रिबाउंड केले.

आता दुसरी बाजू. ह्यूस्टन रॉकेट्स. या संघाचा सेंटर होता याओ मिंग, ७ फूट ६ इंच. २००९ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याचं पाऊल मोडलं आणि पुढचा सगळा मोसम तो खेळलाच नाही. त्याच्या जागी उभा राहिला चक हेज, ६ फूट ६ इंच. एका संघाच्या रिंगखालून एक फूट उंची रातोरात निघून गेली. हेज ग्रीनसारखा पासर नव्हता, बाहेरून शॉटही मारायचा नाही, त्याचे फ्री थ्रो तर बघवत नसत, हात मध्येच अडकल्यासारखा थांबायचा. पण पोस्टमध्ये त्याच्यासमोर कुणाला सुखाने उभं राहता येत नसे. रॉकेट्सने त्या मोसमात ४२ सामने जिंकले, ४० हरले. पूर्ण मोसम एक फूट कमी उंचीने खेळून बरोबरीच्या वर राहणं, हे मी मोठं यश मानते. प्लेऑफ मात्र मिळालं नाही. हेजला सेंटर केलं गेलं ते दुसरा कुणी नव्हता म्हणून, आणि मला वाटतं, जगातले बहुतेक बुटके सेंटर असेच झालेले असतात.

त्याच ह्यूस्टनने २०२० च्या फेब्रुवारीत मात्र ठरवून उलटं केलं. ६ फूट १० इंचांचा क्लिंट कपेला देऊन टाकला आणि ६ फूट ५ इंचांचा पी. जे. टकर सेंटर झाला. जेम्स हार्डन आणि रसेल वेस्टब्रूकला आत घुसायला रिंगखाली जागा मोकळी हवी, बाकीचे तिघे बाहेर तीन गुणांच्या रेषेवर, असा हिशेब. काही आठवडे तो बघायला विलक्षण होता. प्लेऑफमध्ये ओक्लाहोमाला सात सामन्यांत हरवलं, मग लेकर्सविरुद्ध पहिला सामनाही जिंकला. त्यानंतरच्या सामन्यांत लेकर्सनी आपले दोन्ही मोठे सेंटर, मॅगी आणि ड्वाइट हॉवर्ड, मागे घेतले आणि अँथनी डेव्हिसला सेंटर केलं. डेव्हिस ६ फूट १० इंच, पण गार्डसारखा, म्हणजे बाहेरून बॉल आणणाऱ्या चपळ खेळाडूसारखा, पळणारा. ह्यूस्टन ४-१ ने बाहेर.

इथे मला एक गोष्ट लख्ख दिसली. बुटक्या संघाला मोझगोव्ह हरवत नाही, डेव्हिस हरवतो. समोरचा उंच माणूस मंद असेल तोवर आपल्या चपळपणाला किंमत. तो उंच असून चपळ निघाला की आपल्या हातात काही उरत नाही. आणि टकर? त्या दिवसांत तो पस्तिशीला आलेला, प्रत्येक रात्री आपल्याहून चार-पाच इंच उंच माणसांना छातीवर घेत होता. ह्यूस्टनने उंचीची तूट पाच जणांत वाटली असं मला वाटत नाही, तिचा मोठा हिस्सा टकरवर टाकला. पुढच्या वर्षी तो मिलवॉकीला गेला. तिथे रिंगखाली ब्रूक लोपेझ होता, यानिस अँटेटोकुंपो होता, दोघेही उंच. टकर फॉरवर्डला खेळला आणि विजेता झाला. बुटक्या सेंटरबद्दल वाद घालणाऱ्यांनी टकरची ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघावीत.

करने हे आधीच ओळखलं होतं असं दिसतं. ज्या पाच जणांनी त्याला २०१५ मध्ये जिंकून दिलं, त्यांना तो पुढेही पूर्ण सामनाभर एकत्र ठेवायचा नाही. एरवी सुरुवातीला बोगट, नंतरच्या वर्षांत झाझा पचूलिया, हे मोठ्या अंगाचे लोक पहिले धक्के खायला असायचे. ग्रीन सेंटरला यायचा तो सामन्याच्या मोक्याच्या मिनिटांत. २०२२ मध्ये वॉरियर्स पुन्हा जिंकले तेव्हाही ६ फूट ९ इंचांचा केव्हॉन लूनी नियमित मोसमातले सगळे ८२ सामने खेळला होता, आणि मेम्फिसविरुद्धच्या एका सामन्यात त्याने २२ रिबाउंड घेतले होते. ग्रीन त्या वर्षी पाठीच्या दुखण्याने दोन महिने बाहेर होता. त्याला रोज रात्री पूर्ण वेळ सेंटरला जुंपलं असतं तर तो इतकी वर्षं टिकला असता, असं मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या या बड्या खेळाडूंकडे असं कुणीतरी लक्ष द्यायला असतं. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वयात आणि वेगळ्या रूपात येतो. शाळेत सातवी-आठवीला एखादा मुलगा अचानक वाढतो. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून तो पोस्ट. त्याला सांगितलं जातं, तू रिंगखाली थांब, बॉल आला की वर टाक, ड्रिबल करू नकोस, बॉल जाईल. दोन वर्षं तो जिल्हा गाजवतो. मग बाकीची मुलं वाढतात आणि तो आहे तिथेच थांबतो. अकरावीला तो ५ फूट ९ इंचांवर, समोर ६ फूट २ इंचांची मुलं, आणि त्याला बाहेर खेळता येत नाही, कारण बाहेर खेळायला कुणी शिकवलंच नाही. अँथनी डेव्हिसचं नेमकं उलटं झालं होतं. शाळेत तो गार्ड होता, बॉल आणायचा, आणि मग एकदम आठेक इंच वाढला. गार्डचे हात सात फुटांच्या जवळ जाणाऱ्या अंगाला मिळाले.

मी आता शनिवार-रविवारी एका क्लबमध्ये मुलांना शिकवायला मदत करते. तिथे असाच एक मुलगा आहे. नववीत आहे, पंधरा वर्षांचा, उंची थांबल्यासारखी दिसतेय. धक्का खाऊन जागेवरून हलत नाही, शॉट सुटला की बॉलच्या आधी माणूस शोधतो. हे मी त्याला शिकवलेलं नाही, त्याचं त्याला आलंय. त्याची आई परवा मला म्हणाली, "ताई, याचे गुडघे दुखतात, आणि सर म्हणतात हाच आमची पोस्ट. आमच्या घरात कुणी उंच नाही, हा आता काय वाढणार? याला तिथे खेळवायचं की नाही, तुम्हीच सांगा."

मी त्यांना सांगितलं की गुडघे आधी डॉक्टरांना दाखवा, वाढत्या वयात गुडघ्याच्या खालच्या हाडाशी दुखणं पुष्कळ मुलांना असतं, पण अंगावर काढू नका. खेळाबद्दल मी सरांशी बोलले. सामन्यात तो पोस्टला राहील, दुसरं कुणी नाही हे खरंच आहे. पण सरावात अर्धा वेळ तो बाहेर, डाव्या हाताने बॉल आणणार. रिबाउंड घेतला की दुसऱ्याच्या हातात न देता पहिला पास त्यानेच द्यायचा, आणि उतरायच्या आत मान वळलेली हवी. समोर उंच मुलगा असेल तर मागून मदतीला कोण येणार ते सामन्याआधी नावानिशी ठरवायचं. ज्या मुलाचं नाव घेतलं तो तोंड वाकडं करून म्हणाला, "मॅडम, मग माझ्या माणसाला कोण बघणार?"

प्रश्न रास्त होता. आम्ही कोर्टवर खडूने पाच जागा आखल्या आणि तो गेला की त्याच्या जागी कोण सरकणार, मग त्याच्या जागी कोण, असं पाचव्यापर्यंत चालवून बघितलं. पहिल्या दिवशी तिसरा मुलगा दर वेळी उशिरा निघत होता. पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे सामने आहेत. तोवर त्या तिसऱ्यावर काम करायचं आहे.